लेबलकाकू

क्रीमचं खोकं पुढून वाचायचं असतं हे लेबलकाकूंना मान्य नाही. पुढची बाजू कंपनीची, मागची गिऱ्हाइकाची, असा त्यांचा हिशेब आहे. त्यामुळे डोंबिवली स्टेशनाबाहेरच्या मेडिकलमधल्या पोऱ्याला त्या पायरी चढताना दिसल्या की तो मागितलेलं खोकं उलटं करूनच काउंटरवर ठेवतो आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळतो. आता बराच वेळ या बाईंकडून पैसे सुटायचे नाहीत, हे त्याला ठाऊक असतं. काकू पर्समधून भिंग काढतात, मोबाइलचा दिवा लावतात, चष्मा कपाळावर सरकवतात आणि वाचायला लागतात. ओठ हलत असतात. लांबून बघणाऱ्याला वाटावं, बाई अथर्वशीर्ष म्हणतायत. जवळ गेलं की ऐकू येतं, "...सेटिअरिल अल्कोहोल, डायमेथिकोन, फिनॉक्सिइथेनॉल..."

वाचता वाचता नाकातून एक "हं" निघतो. "हं" लांबला तर क्रीम पास. तुटका आला तर खोकं परत काउंटरवर, आणि पोऱ्याला एक वाक्य ऐकवलं जातं, "मालकांना सांग, यात नुसतं पाणी आणि वास आहे." पोऱ्या मालकांना काही सांगत नाही. मालक बाजूलाच बसलेले असतात आणि वर्तमानपत्र थोडं आणखी उंच धरतात.

काकूंचं खरं आडनाव दारावरच्या पितळी पाटीवर आहे, पण ते आता फक्त पोस्टमन वाचतो. सोसायटीतल्या पोरांनी ठेवलेलं नाव असं काही चिकटलं की कुरिअरवालासुद्धा खाली वॉचमनला लेबलकाकूंचा मजला विचारतो. काकूंना याचा राग नाही. "नावं ठेवा हो खुशाल, पण आधी वाचा," एवढंच त्यांचं म्हणणं.

ही जमात हल्ली फार वाढलीय. आमच्या आईच्या काळात क्रीम एक तर लागू पडायची किंवा पडायची नाही. तिच्यात काय आहे हे विचारणं म्हणजे हलवायाला भट्टी दाखव म्हणण्यासारखा आगाऊपणा होता. आता अकरावीतली पोर बसस्टॉपवर मैत्रिणीला "तुझं नायसिनामाइड किती टक्के?" असं विचारते, आणि मैत्रीण दहावीचे मार्क सांगणार नाही इतक्या अभिमानाने "दहा" म्हणते. पण ही सगळी नवशिकी मंडळी. काकू स्वयंभू आहेत. त्यांची उभी हयात बँकेत गेली, त्यातली शेवटची वर्षं इन्स्पेक्शन खात्यात. नोकरीत त्यांनी एक गोष्ट पक्की केली: माणूस तोंडाने काय सांगतो ते ऐकायचं नाही, व्हाउचर बघायचं. निवृत्त झाल्यावर शाखा गेल्या, व्हाउचरं गेली. तपासायची सवय उरली. ती कुठेतरी लावायला हवी होती. एका दिवाळीत सुनेने फेस क्रीम भेट दिली आणि काकूंनी सवयीने ती उलटी केली. तेव्हापासून सुरू आहे.

"जाहिरात म्हणजे मॅनेजरचं भाषण," त्या सांगतात. "यादी म्हणजे डे-बुक. खरं काय ते तिथे."

हे डे-बुक कसं वाचायचं याची त्यांनी सोसायटीत जवळजवळ शिकवणीच घेतलीय. 2020 च्या कॉस्मेटिक्स रूल्सची प्रत त्यांनी छापून, टाचणी मारून ठेवलीय. नियम सोपा आहे. एक टक्क्याहून जास्त असलेले घटक उतरत्या क्रमाने लिहायचे, सर्वांत जास्त ते पहिलं. एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले त्यानंतर, मग कसल्याही क्रमाने. क्रीममध्ये पहिलं नाव बहुतेक वेळा पाण्याचंच असतं. हे कळल्यावर पहिल्या मजल्यावरच्या जोशीबुवांना मोठा धक्का बसला होता. "म्हणजे मी इतकी वर्षं पाणी लावतोय?" काकू म्हणाल्या, "लावा की. पण नळाच्या भावात लावा."

केशराचा प्रसंग आमच्याच घरात घडला. बायकोला वाढदिवसाला कुणीतरी केशराची क्रीम दिली होती. बाटली देखणी, रंग फिकट पिवळा, वर केशराच्या काड्यांचं चित्र. काकू विरजण मागायला आल्या होत्या. विरजण ओट्यावर राहिलं आणि खोकं डायनिंग टेबलावर आडवं झालं.

"पाणी," काकूंनी सुरुवात केली. "मिनरल ऑइल. ग्लिसरीन. स्टिअरिक ॲसिड. ठीक. हे आलं फिनॉक्सिइथेनॉल. पेन्सिल आण."

बायकोने पेन्सिल आणली. काकूंनी आमच्या खोक्यावर त्या नावाखाली सरळ रेघ मारली.

"हे प्रिझर्वेटिव्ह. क्रीम नासू नये म्हणून. हे एक टक्क्याच्या वर घालायची परवानगीच नाही. म्हणजे याच्या खाली जे जे बसलंय ते सगळं एक टक्क्याच्या आतलं. आता केशर शोध."

केशर सापडलं. रेघेच्या खाली, सुगंधाच्याही खाली, शेवटून दुसरं.

"पण काकू, रंग तर केशराचा आहे ना?"

"शेवटचं वाच."

शेवटी लिहिलं होतं, सीआय 19140.

"टार्ट्राझीन," काकू म्हणाल्या. "बुंदीच्या लाडवाला लावतात तोच पिवळा. आता एक टक्क्याखाली कोणाला कुठे बसवायचं याला कायद्याची ना नाही. तरी केशराला जरा पुढे बसवावं हे त्यांना सुचलं नाही बघ."

बायको बिचारी ओशाळली. "पण चेहरा मऊ राहतो हो या क्रीमने."

"राहणारच. काम मिनरल ऑइल करतंय." काकूंनी विरजणाची वाटी उचलली. "पगार केशर खातंय."

काकू नुसत्या टवाळखोर असत्या तर सोसायटीने त्यांना केव्हाच टाळलं असतं. पण त्या अभ्यास करतात, आणि अभ्यासाची वही ठेवतात. बँकेने निवृत्तीच्या वर्षी दिलेली जाडजूड डायरी आहे. तिच्यात उभे रकाने पाडलेत. पहिल्यात मालाचं नाव, दुसऱ्यात किंमत, तिसऱ्यात दर ग्रॅमला पडणारा भाव दोन दशांश स्थळांपर्यंत, चौथ्यात यादीतली पहिली पाच नावं, पाचव्यात "दावा" आणि सहाव्यात "वस्तुस्थिती". सहावा रकाना लाल शाईने भरतात. एका पानावर 299 रुपयांची आणि 1,450 रुपयांची अशा दोन क्रीम शेजारी शेजारी लिहिल्यात. पहिली पाच नावं दोन्हींची तीच, क्रमही तोच. खाली लाल शाईत: "फरक 1,151. बाटली काचेची."

इथे मला त्यांच्याशी वाद घालावासा वाटतो. यादीत नावं असतात, क्रम असतो, आकडे नसतात. पहिली पाच नावं तीच असली तरी एकात ग्लिसरीन तीन टक्के असेल, दुसऱ्यात दहा. एकाच सामानाची यादी घेऊन दोन बायकांनी केलेली आमटी एक होत नाही, हे काकूंना स्वयंपाकघरात पटतं. वहीपाशी पटत नाही. "आकडे द्यायला यांना कोण अडवतंय?" असं म्हणून त्या विषय संपवतात. मुद्दा बिनतोड आहे, पण उत्तर नव्हे.

घटकांच्या बाबतीत त्यांचे रागलोभ ठरलेले आहेत. ग्लिसरीनवर त्यांचा जीव. स्वस्त, साधं, साबण बनवताना आपोआप निघणारं, आणि कातडीत पाणी धरून ठेवायचं काम वर्षानुवर्षं मुकाट करणारं. "क्लार्क असावा तर असा," काकू म्हणतात. उलट हायल्युरॉनिक ॲसिडविषयी त्यांच्या मनात अढी आहे. कामाला वाईट नाही, तेही पाणीच धरतं. पण त्याचा मोठा रेणू कातडीच्या वरच राहतो आणि बाटलीवर मात्र ते "खोलवर" गेल्याचं लिहिलेलं असतं. कोलॅजेनच्या क्रीमचा तर त्या एका वाक्यात निकाल लावतात. कातडीतून आत जायचं तर रेणूचं वजन साधारण 500 डाल्टनच्या आत हवं, असा त्वचाशास्त्रातला एक ढोबळ नियम आहे. कोलॅजेनचं वजन तीन लाखांच्या घरात. "त्याचं दारातच अडलं," काकू म्हणतात, "आणि हे सांगतात बेडरूममध्ये जाऊन झोपलं."

नायसिनामाइड म्हणजे बी-3 जीवनसत्त्व. ते त्यांना मान्य आहे: डाग थोडे फिके करतं, तेलकटपणा कमी करतं, कातडीची राखण मजबूत करतं, आणि कोणाशी भांडत नाही. फक्त दहा टक्क्यांची बाटली दिसली की भुवई चढते, कारण बहुतेक अभ्यास दोन ते पाच टक्क्यांवर झालेत. क जीवनसत्त्वाला त्या "लाडावलेलं" म्हणतात. त्याला आंबट द्रावण लागतं, गडद बाटली लागते, उजेड सोसत नाही, हवा सोसत नाही, आणि एवढे लाड करूनही थोड्या दिवसांत ते तपकिरी पडतं. रेटिनॉल सुरकुत्यांवर काम करतं हे त्या नाकारत नाहीत, पण कोणा नव्या सुनेने ते नाव काढलं की आधी दार लोटून हळूच विचारतात, "काही गोड बातमी तर नाही ना?" गरोदरपणी ते लावायचं नसतं म्हणून. एकदा त्यांनी हा प्रश्न दार न लोटता विचारला होता आणि आमच्या मजल्यावर दोन दिवस पेढ्यांची वाट बघणं चाललं होतं.

काकूंच्या घरातलं वातावरण या अभ्यासाला पोषक नाही. काका अंगाला, तोंडाला आणि डोक्याला एकच साबण लावतात; डोक्यावर केस नसल्यामुळे हे सरळच आहे, असं त्यांचं म्हणणं. काकूंनी त्या वडीचा टीएफएम, म्हणजे साबणातल्या एकूण चरबीचा अंश, बघितला. 76 टक्क्यांच्या वर असेल तर पहिल्या दर्जाचा टॉयलेट सोप. काका म्हणाले, "मला टीएफएम कळत नाही. फेस येतो." काकूंनी सांगितलं, साबणाचा पीएच नऊ-दहा, चेहऱ्याचा पाचच्या आसपास, म्हणून तोंडाला वेगळं काहीतरी सौम्य हवं. काका म्हणाले, "माझं आणि माझ्या चेहऱ्याचं आजवर पटलेलं आहे." तिसऱ्या मजल्यावरच्या माळकरी गृहस्थांनी सेटिअरिल अल्कोहोल वाचून क्रीम परत केली तेव्हा काकूंनी त्यांना तासभर समजावलं, की हे अल्कोहोल प्यायचं नव्हे, ते नारळाच्या नाही तर पामच्या तेलापासून होणारं मेणासारखं घट्ट असतं, कातडी कोरडी करण्याऐवजी मऊ ठेवतं. गृहस्थांना पटलं. ते गेल्यावर काका म्हणाले, "प्यायचं नाही म्हणतेस. मग वाचायचं कशाला?"

आणि घरात आहेत काकूंच्या सासूबाई. मूळच्या संगमेश्वरकडच्या. वय सत्त्याऐंशी. कान तिखट आणि कातडी, काकूंचं दुःख असं की, तुळतुळीत.

वरच्या मजल्यावरची कॉलेजात जाणारी पोर एकदा कोरियन बाटली घेऊन आली. त्यात पहिलं नाव पाण्याचं नव्हतं. काकू हरखल्या. मग नाव नीट वाचलं: स्नेल सिक्रिशन फिल्ट्रेट.

"म्हणजे काय गो?" आजींनी आतून विचारलं.

"गोगलगायीच्या अंगाचा चिकट स्राव, आजी," पोर उत्साहाने म्हणाली. "गाळून घेतलेला."

आत थोडा वेळ शांतता. मग काठीचा आवाज आला आणि पाठोपाठ आजी. "चातुर्मास लागलाय. मी कांदा खात नाही, लसूण खात नाही. आणि तुम्ही तोंडाला गोगलगाय फासता?"

काकूंनी सारवासारव करावी म्हणून हायल्युरॉनिक ॲसिडचा विषय काढला. 1934 साली कार्ल मायर आणि जॉन पामर या दोघांनी ते पहिल्यांदा वेगळं केलं ते गाईच्या डोळ्यातून; हल्ली मात्र जंतूंकडून आंबवून करतात. माहिती अचूक होती, वेळ चुकली होती.

"आधी गोगलगाय, मग गाय!" आजी म्हणाल्या आणि देवघरात जाऊन बसल्या.

मुठेलाची गोष्ट मात्र काकू स्वतः कधी सांगत नाहीत, आजी सांगतात. थंडीत आजींच्या टाचांना भेगा पडतात तेव्हा त्या ट्रंकेतून एक पिवळट पांढरा गोळा काढतात. कोकमाच्या बिया फोडून, कुटून, पाण्यात उकळल्या की वर तेल येतं. ते काढून घ्यायचं आणि थिजता थिजता मुठीत दाबायचं. गोळ्यावर बोटांचे ठसे स्पष्ट दिसतात. घरात थंड असताना तो दगडासारखा, टाचेवर घासला की अंगाच्या उबेने वितळतो. काकूंनी तो हातात घेऊन उलटा केला. पुन्हा सुलटा केला. मागे काही नव्हतं, पुढेही काही नव्हतं. उत्पादनाची तारीख नाही, बॅच नंबर नाही, यादी नाही. इतक्या वर्षांच्या तपासणीत असा माल काकूंच्या हाती आला नव्हता. त्यांनी वहीत नाव लिहिलं, "मुठेल", आणि पुढचे पाचही रकाने कोरे ठेवून पान उलटलं.

पुढे सुनेने सिंगापूरहून पायांची क्रीम आणली. भारी डबी. काकूंनी यादी वाचली: पाणी, ग्लिसरीन, आणि तिसरं नाव गार्सिनिया इंडिका सीड बटर. म्हणजे कोकमाच्या बीचं तेल. काकू प्रामाणिक आहेत; त्यांनी ते आजींना वाचून दाखवलं.

आजींनी डबीत बोट घातलं, वास घेतला, बोटावर चोळून बघितलं. "माझाच गोळा," त्या म्हणाल्या. "पण पाण्यात कालवलाय गो कोणी."

आजींच्या तुळतुळीत चेहऱ्यावर मात्र काकूंकडे एक उत्तर आहे आणि ते मला पटतं. लोक म्हणतात, बघा, आजींनी जन्मात सीरम लावलं नाही, नुसतं खोबरेल, तरी चेहरा कसा. काकू म्हणतात, "चेहरा खोबरेलाने नाही राहिला. डोक्यावरच्या पदराने राहिला. अर्धा जन्म माजघरात गेला, बाहेर पडल्या तर पदर कपाळापर्यंत. ऊन लागलंय कुठे? हात बघा त्यांचे." हात पाहिले. परसातल्या भाजीपाल्यात उन्हात राबलेले हात, कोपरापासून खाली काळवंडलेले आणि सुरकुतलेले. कोपराच्या वर, पोलक्याच्या बाहीखाली, कातडी चेहऱ्यासारखीच. एकाच बाईच्या एकाच हातावर उन्हाने काय केलं आणि पदराने काय वाचवलं, याहून चांगला तुलनात्मक अभ्यास मी कुठे पाहिलेला नाही.

संध्याकाळी सातनंतर काकूंच्या गॅलरीत बायकांची बैठक भरते. कोणी फेसवॉश घेऊन येतं, कोणी टोनर. इथे काकूंची जीभ सैल असते. कोणाला त्या सांगतात की तुझं सॅलिसिलिक ॲसिड तेलात विरघळतं म्हणून रंध्रांत शिरतं, मुरमांना चांगलं; पण सोबत ग्लायकोलिकही लावू नकोस, तोंड सोललेल्या बटाट्यासारखं होईल. ग्लायकोलिक उसातही असतं हे कळल्यावर सांगलीच्या एका वहिनींनी माहेरच्या कारखान्यात चौकशी करते म्हणून सांगितलं होतं. लिंबू आणि खाण्याचा सोडा तोंडाला चोळणाऱ्या बाईंना काकूंनी दोन्हींचे पीएच पाटीवर लिहून दाखवले, एक दोनच्या जवळ, दुसरा आठाच्या वर, आणि विचारलं, "तुमचं तोंड आहे की कुकरची गॅस्केट?"

पण त्याच गॅलरीत मी काकूंना एकदा गंभीर झालेलं पाहिलंय. घरकाम करणाऱ्या एका मुलीने पदराच्या टोकातून एक छोटी डबी काढली. पार्लरमधून आणलेली गोरं होण्याची क्रीम. चार आठवड्यांत रंग उजळला होता, मुलगी खूश होती. डबीवर फुलाचं चित्र होतं आणि एक नाव. काकूंनी ती उलटी केली. बुडाला काही नव्हतं. भिंग काढलंच नाही. "ही लावायची नाही," त्या म्हणाल्या. "उद्या नाही, आजपासून." मुलीला वाटलं बाई चिडल्या. काकूंनी तिला शेजारी बसवून सांगितलं. रंग झरझर उजळवणाऱ्या अशा डब्यांत कधी पारा निघतो. तो कातडीतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडं खराब करतो. 2023 च्या सुरुवातीला अकोल्यातल्या एकाच घरातल्या बायकांची बातमी आली होती. गोरं होण्याच्या क्रीमने मूत्रपिंडांवर बेतलं होतं. कधी पारा नसतो, तर स्टेरॉइड असतं. त्यानेही चेहरा आधी उजळतो, नितळ होतो; मग कातडी पातळ होते, रक्तवाहिन्या दिसायला लागतात, लव वाढते, आणि क्रीम थांबवली की तोंड भाजल्यासारखं लाल होतं, म्हणून बाई पुन्हा तीच क्रीम लावते. सरकारी नियमांत अशा क्रीममध्ये पारा घालायला मनाई आहे. स्टेरॉइडची मलमं डॉक्टरच्या चिठ्ठीवर द्यायची असतात. पण ज्या डबीला यादीच नाही तिला कुठला नियम लावणार?

दुसऱ्या दिवशी काकू स्वतः त्या मुलीला घेऊन सरकारी दवाखान्यातल्या त्वचेच्या डॉक्टरांकडे गेल्या. वहीत या डबीचं नाव नाही. मी विचारलं तेव्हा म्हणाल्या, "तुलना करायला दुसरी बाजू लागते."

एवढ्या जाणत्या बाईंच्या चेहऱ्यावर उन्हाचे डाग का, हा प्रश्न मला बरेच दिवस पडत होता. उत्तर वहीतच सापडलं. सनस्क्रीनचं पान. काकूंनी चैत्रात तुलना सुरू केली. एसपीएफ 30 अतिनील बी किरणांपैकी सुमारे 97 टक्के अडवतं, 50 अडवतं 98. एका टक्क्यासाठी 150 रुपये जास्त का द्यायचे, यावर पान भरून चर्चा. झिंक ऑक्साइड की रासायनिक फिल्टर, यावर दुसरं पान. झिंकने तोंड पांढरं दिसतं, या मुद्द्यावर काकांचा अभिप्राय: "बरं दिसेल." मग अतिनील ए किरणांसाठीच्या पीए खुणेपुढची अधिक चिन्हं किती. वैशाख गेला, ज्येष्ठ अर्धा झाला. या सगळ्या काळात काकू भर उन्हात भाजी आणायला उघड्या तोंडाने जात होत्या, कारण निवड पक्की झाली नव्हती. पहिल्या पावसाच्या दिवशी ती पक्की झाली.

बरं, आणल्यावर तरी? एसपीएफचा आकडा प्रयोगशाळेत ठरतो तो दर चौरस सेंटिमीटरला दोन मिलिग्रॅम क्रीम लावून. चेहऱ्याला आणि गळ्याला मिळून तर्जनी आणि मधलं बोट भरेल एवढी ती होते, साधारण एक ग्रॅमच्या आगेमागे. आणि उन्हात फिरायचं असेल तर दर दोन तासांनी पुन्हा. हे काकूंना माझ्याहून चांगलं माहीत आहे. पण तिसरा रकानाही त्यांनीच भरलेला आहे: ग्रॅमला 12 रुपये. रोज सकाळी 12 रुपये तोंडाला फासणं बँकेतल्या बाईच्या हाताने होत नाही. म्हणून काकू ट्यूब दाबतात, मोहरीएवढा ठिपका काढतात, कपाळापासून हनुवटीपर्यंत पुरवतात आणि उरलेलं काकांच्या टकलावर पुसतात. ट्यूब तीन उन्हाळे पुरते. मुदत संपली की काकू कंपनीवर चिडतात, की संपत नाही अशी ट्यूब काढायची आणि तारीख मात्र जवळची द्यायची.

केशर एक टक्क्याच्या आत घालणाऱ्या कंपनीला ज्यांनी पेन्सिलीने पकडलं, त्याच काकू सनस्क्रीन केशराच्या मापाने लावतात. मी हे त्यांना बोलून दाखवलं. त्यांनी भिंग पुसलं, पर्समध्ये ठेवलं, आणि म्हणाल्या, "लावायचं माप यादीत कुठे लिहिलेलं असतं?"

तरीही माझं मत विचाराल तर प्रत्येक सोसायटीला एक लेबलकाकू असावी. सोसायटीने तिच्याकडे जरूर जावं, फक्त तिची वही पाहून दुकान गाठू नये. वहीतून निष्पन्न झालेला माल शेवटी तोच असतो: चेहरा धुवायला काहीतरी सौम्य, एखादं साधं मॉइश्चरायझर, आणि दिवसा भरपूर सनस्क्रीन. नवीन काही घ्यायचं झालं तर आधी कोपराच्या आत थोडं लावून दोनतीन दिवस बघायचं. एवढं सांगायला काकूंना हल्ली दीड तास लागतो, पण चहा देतात.

आमच्याकडे यायचं असेल तर सातनंतर या. येताना चष्मा आणा. क्रीम आणाल ती मात्र खोक्यासकट आणा; घटकांची यादी बहुतेक वेळा खोक्यावरच छापलेली असते, आणि खोकं आपण दुकानाबाहेर पडता पडता फेकून दिलेलं असतं.